Re: चॉकलेट संपतच नाही

खानापूरच्या मित्राने विचारलंय, कँडी क्रशमध्ये (एका रंगाच्या गोळ्या जुळवून फोडायचा मोबाइल गेम) चॉकलेट, म्हणजे बोर्डवरचा तपकिरी अडथळा, फोडलं तरी पुन्हा कसं पसरतं. ज्या चालीत एकही चॉकलेट फुटत नाही, त्या चालीनंतर ते शेजारची एक गोळी गिळतं. म्हणून सुरुवातीला दर चालीला निदान एक तरी फोडाच. ‘आधी कलर बॉम्ब (खास स्फोटक गोळी) करू, मग बघू’ म्हटलं की बोर्ड हातातून गेलाच समजा.

पट्ट्यांची गोळी करताना लोक दिशेत चुकतात. आडव्या ओळीत चार जुळवल्या की उभे पट्टे येतात आणि पूर्ण उभा स्तंभ साफ होतो. उभ्या चार जुळवल्या की आडवी ओळ. चॉकलेट एकाच स्तंभात साचलं असेल तर आडव्या चार शोधा.

पाच सरळ जुळवून मिळालेला कलर बॉम्ब साध्या गोळीवर उडवणं म्हणजे कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) पाण्यात घोळवून खाणं! तो पट्ट्याच्या गोळीशी अदलाबदल करा: त्या रंगाच्या सगळ्या गोळ्या पट्टेवाल्या होऊन फुटतात.

चॉकलेट नसलेल्या लेव्हलला मात्र खालून खेळा, वरून पडणाऱ्या गोळ्या फुकटात जुळतात. आणि चोर्ला घाटात रेंज गेली तरी खेळ चालतो, काळजी नको.