ऊन नसलं की मनाला जे होतं त्याला मराठीत काय म्हणायचं? मळभ, कुंद, उदास की अजून काही?

सलग पाच-सहा दिवस ऊन दिसलं नाही की माझं असं होतं की भरपूर झोपूनही डोळे उघडत नाहीत, काम समोर असतं पण हात लावावासा वाटत नाही, आणि कोणी विचारलं काय झालंय तर सांगायला काही नसतं, कारण झालेलं काहीच नसतं. 'उदास आहे' म्हटलं की लोक कारण विचारतात, 'कंटाळा आलाय' म्हटलं की आळशी ठरवतात. 'मूड ऑफ' मला फार उथळ वाटतं. तर यासाठी बोलण्यातला शब्द कोणता? भाषांतर करून बनवलेला नकोय.

——

मळभ! मळ + अभ्र ही फोड मला पटते, मळकं आभाळ. ते आभाळावर येतं तसंच मनावरही येतं आणि क्रियापदंही दोन्हीकडे तीच, मळभ येतं, दाटतं, दूर होतं. 'ढग आले' म्हटलं की पुढे काहीतरी घडणार असं वाटतं, मळभात काही घडतच नाही, ना धड पाऊस ना धड ऊन, नुसतं साचून राहिलेलं. तुम्ही म्हणताय ना 'झालेलं काहीच नसतं', ते हेच. शिवाय मळभ बाहेरून येतं, त्यात माणसाचा दोष नाही. हा शब्द मला त्यासाठीच आवडतो.

——

मळभ छानच पण कुंद विसरू नका. हा फारसीतून आलाय, तिकडे कुंद म्हणजे बोथट, मंद. पांढऱ्या फुलाचा कुंद संस्कृतातला, त्याचा याच्याशी संबंध नाही. कुंद हवेत सगळ्याचीच धार गेल्यासारखी वाटते, उजेडाची, आवाजाची, डोक्याची पण. फक्त आपण 'हवा कुंद आहे' म्हणतो, 'मी कुंद आहे' कोणी म्हणत नाही, त्यामुळे माणसासाठी मरगळ बरा, 'कुंद हवेने मरगळ आली' असं.

आणि दुर्दिन! आपण त्याचा अर्थ वाईट दिवस एवढाच घेतो पण संस्कृतात ढगांनी झाकलेला दिवस हाही त्याचा अर्थ आहे. म्हणजे ऊन नसलेल्या दिवसाला 'दुः' लावावंसं वाटलं होतं कोणाला तरी, हे वाचलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं, आपलं हे दुखणं इतकं जुनं आहे.

——

कातरवेळ चालेल का?

——

नाही हो, ती रोज येते आणि तासाभरात जाते. त्यात हुरहूर असते, कोणाची तरी आठवण, वाट बघणं. ऊन नसल्यावर हुरहूर पण नसते, तेवढीही हालचाल नसते आत.

——

सगळे शब्द सुंदर आहेत पण एक काळजीने सांगते. मी हे दरवर्षी भोगलंय आणि कितीतरी वर्षं 'मळभ आहे, जाईल' म्हणून काढली. ठरावीक ऋतूत दरवर्षी येणारं नैराश्य हा आजार आहे, नॉर्मन रोझेन्थाल या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन केलं, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. हिवाळ्यातल्या प्रकारात झोप जास्त येते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, माणसांत मिसळणं नको होतं. आपल्या दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून मेंदूतल्या घड्याळाला उजेड कळवणं हे असतं, आणि सकाळचा उजेड कमी पडला की ते घड्याळ मागे पडतं असं एक स्पष्टीकरण आहे. हे ड जीवनसत्त्वापेक्षा वेगळं, ते त्वचेत बनतं, हे डोळ्यांतून होतं, लोक दोन्ही एकच समजतात.

उपचारात सकाळी १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर साधारण ३० मिनिटं बसवतात, पण डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर (मनःस्थिती टोकाची वर-खाली होणारा आजार) असेल तर डॉक्टरांना विचारूनच. घरातल्या दिव्याखाली उजेड १०० ते ५०० लक्सच असतो, बाहेर ढगाळ असलं तरी बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी पट. म्हणून मळभ असतानाच बाहेर पडायचं, ऊन यायची वाट बघत घरात बसायचं नाही.

फिनिश भाषेत ध्रुवीय रात्रीला, म्हणजे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही त्या काळाला, कामोस म्हणतात आणि तेव्हाच्या नैराश्याला कामोसमासेन्नुस. त्यांनी अंधाराला नाव दिलं आणि आजाराला त्यावरून वेगळं नाव दिलं. आपल्याकडेही दोन शब्द वेगळेच राहू देत, मनःस्थितीला मळभ, आजाराला ऋतुजन्य नैराश्य.

——

मूळ प्रश्न विचारणारा मीच. उदास शब्दाची फोड पाहिली, उद् + आस्, म्हणजे बाजूला जाऊन बसणे, त्यामुळे तोही आता तितका परका वाटत नाही, कारण मी नेमकं तेच करतो, सगळ्यांपासून लांब जाऊन बसतो. पण घरी आज 'मळभ आलंय' असंच सांगून पाहिलं. कोणी कारण विचारलं नाही, खिडकीचा पडदा तेवढा सरकवला. आणि ताई, दरवर्षी येतं का हे तुम्ही न विचारता विचारलंत, तर हो, तीन वर्षं झाली, याच महिन्यांत. डॉक्टरांची वेळ घेतोय.