बंब पेटवायचा कोणी, राख काढायची कोणी?

प्रश्न: नागपूरच्या थंडीत रोज सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला लाकडावरचा तांब्याचा बंब लागतो. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. कामं कशी वाटावी? धूरही फार होतो.

उत्तर १: रात्रीचं एकाकडे, सकाळचं दुसऱ्याकडे. रात्री राख काढून पाणी भरायचं, काड्या आत आणून ठेवायच्या. सकाळी फक्त पेटवणं उरतं. रिकामा बंब कधीच पेटवू नका, डाग (सांधे जोडणारं झाळण) वितळून तोटी गळायला लागते.

उत्तर २: धूर म्हणजे लाकूड ओलं किंवा बंबाच्या तळाची जाळी राखेनं बुजलेली. बाभूळ उत्तम, पण फोडून किमान सहा महिने वाळलेली हवी.

उत्तर ३: जितकं गरम पाणी काढलं तितकं थंड ओतायचं, आणि ते आंघोळ करणाऱ्यानंच. (खरी भांडणं इथेच!) बंब अंगणातच ठेवा. बंद न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो.