'एग ऍक्टिवेशन'ला मराठीत काय म्हणाल?

वाघबीळ: मुलीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते मराठीत करून देतोय, 'एग ऍक्टिवेशन'वर गाडी अडलीये. शुक्रपेशी शिरली की अंडपेशीत कॅल्शियमची लाट पसरते आणि सस्तन प्राण्यांत अर्ध्यावर थांबलेलं विभाजन पुढे सरकतं, ते. 'फलन' चालेल?

निवृत्त_मास्तर: नाही. फलनात शुक्रपेशी हवीच. हे तिच्याविनाही होतं. १८९९ साली जीवशास्त्रज्ञ जाक लोब यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याची अंडी नुसते क्षार बदललेल्या पाण्यात ठेवून वाढीला लावली. १९१० मध्ये बातायों यांनी बेडकीची अंडी सुईने टोचून तेच केलं. मधमाश्यांचे नर तर अफलित अंड्यातूनच येतात. 'सक्रियण' लिहा.

खाडीकाठ: सक्रियण! सिमकार्ड आहे का ते? आपण चूल चेतवतो, तसं अंडं चेततं. 'चेतना' आली ती चुलीतूनच.

निवृत्त_मास्तर: उलटं सांगताय. मूळ धातू 'चित्', चूल मागाहून पेटली.

कोपरी_पूर्व: आमची आजी मुरबाडची. खुडूक कोंबडीखालची अंडी आठवड्याने कंदिलापुढे धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की म्हणायची, "जीव धरला." नाही दिसलं तर ते अंडं बाजूला. 'जीव धरणे' घ्या की!

खाडीकाठ: जीव धरणे म्हणजे तग धरणे. आजारी माणूस धरतो.

वाघबीळ: शिवाय आठवडा म्हणजे फारच उशीर. अंडं घातलं जातं तेव्हाच बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात. मला पहिल्या काही मिनिटांचा शब्द हवाय.

ऐरोलीकर: हजारो? आणि आम्ही त्याचं आम्लेट करतो? सासूबाईंना कळू देऊ नका.

निवृत्त_मास्तर: अहो, ते फलित अंड्याचं. लेयर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या; त्यांच्या फार्मवर कोंबडाच नसतो. ती अंडी कितीही उबवा, पिल्लू नाही.

ऐरोलीकर: मग शाकाहारी म्हणायला हरकत काय?

कोपरी_पूर्व: झालं सुरू! मला एवढंच सांगा, स्टेशनबाहेर 'गावठी' म्हणून तपकिरी अंडी देतात, त्यात तरी पिल्लू असेल का?

खाडीकाठ: रंगावरून काय कळणार? तो कोंबडीच्या जातीवर. तपकिरी अंडी घालणाऱ्या लेयरही असतात. आणि गावठी नव्हे, गावरान म्हणा.

कोपरी_पूर्व: ठाण्यात गावठीच म्हणतात. गावरान तुमच्या घाटावर.

वाघबीळ: तक्ते सोमवारी द्यायचेत हो.

खाडीकाठ: घाटावरचा कोण? आमच्या चार पिढ्या ठाण्याच्या चेंदणीत गेल्या!