कणांचे दुर्मिळ क्षय (क्वचितच होणारी विघटनं) शोधून हाती काय लागलं?

चार्वाक: "दुर्मिळ क्षयांचा शोध म्हणजे स्टँडर्ड मॉडेलला (मूलकणांच्या प्रस्थापित सिद्धांताला) पुन्हा पुन्हा पास करणं, निव्वळ वेळेचा अपव्यय," हे अनिकेत यांचं विधान वाचून राहवलं नाही. के-लाँग मेसॉन (क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचा एक कण, केऑनचा प्रकार) दोन म्यूऑनमध्ये (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांमध्ये) जवळजवळ फुटतच नाही. असं का, याचा विचार करताना १९७० मध्ये ग्लाशो, इलिओपुलोस आणि मायानी यांनी चौथा क्वार्क लागतो असं दाखवलं. १९७४ मध्ये तो, म्हणजे चार्म क्वार्क, सापडला. जो कण बनवायला ऊर्जा पुरत नाही, तोही क्षणभराच्या आभासी रूपात क्षयाचा दर बदलतो. अशा कणांचा माग काढायचा वेगळा मार्ग असेल तर सांगा.

अनिकेत: किती जुनं सांगताय! आजचं बोला. बी-एस मेसॉनपासून दोन म्यूऑन, अब्जात तीनेक वेळा. सर्नच्या एलएचसी कोलायडरवरच्या (कणांचे झोत समोरासमोर आदळवणाऱ्या यंत्रावरच्या) सीएमएस आणि एलएचसीबी या प्रयोगांनी २०१५ मध्ये एकत्र निष्कर्ष छापला. निघालं काय? अपेक्षित तेच.

चार्वाक: त्या एका आकड्याने सुपरसिमेट्रीची (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण मानणाऱ्या कल्पनेची) किती मॉडेलं अडचणीत आली, ते बघा की!

रात्रपाळी: आणि आर-के, म्हणजे बी मेसॉनच्या म्यूऑन देणाऱ्या आणि इलेक्ट्रॉन देणाऱ्या क्षयांचं गुणोत्तर? २०२१ मध्ये एलएचसीबीला अपेक्षेपासून ३.१ सिग्माचा फरक दिसला (सिग्मा म्हणजे सांख्यिकीय खात्रीचं माप), सगळीकडे गाजावाजा. मी तेव्हा लेप्टोक्वार्कवर (असा फरक घडवू शकेल अशा काल्पनिक कणावर) प्रबंध लिहीत होते. मार्गदर्शक म्हणाले, हाच विषय धर. डिसेंबर २०२२ मध्ये फरक नाहीसा. काही हॅड्रॉन (क्वार्कचे बनलेले कण) इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. माझी वर्षं कोण परत देणार?

मृण्मयी: तीन सिग्माला शोध म्हणत नाहीत, हे प्रबंध लिहिणाऱ्याला ठाऊक हवं. चूक त्याच गटाने शोधली, त्याच गटाने छापली.

रात्रपाळी: मला शिकवू नका. निकाल झाकून विश्लेषण केलं की पक्षपात टळतो, पण पार्श्वभूमीचा (खऱ्या क्षयासारख्या दिसणाऱ्या इतर घटनांचा) अंदाजच चुकला तर झाकून काय उपयोग? हे प्रसिद्धीपत्रकात कुणी लिहिलं?

मृण्मयी: प्रसिद्धीपत्रकाचा राग डिटेक्टरवर कशाला? इलेक्ट्रॉन वाटेत फोटॉन फेकतो, त्यामुळे एलएचसीबीमध्ये त्याचं मोजमाप म्यूऑनपेक्षा कठीणच असतं. मी स्वतः कॅलिब्रेशनवर काम केलंय.

रात्रपाळी: कठीण होतं, मान्य. मग आधी इतका आवाज करायचा नाही.

अनिकेत: बरं, चार्मचं श्रेय देतो, नाइलाजाने. पण के-प्लस या केऑनपासून पायॉन (हलका मेसॉन) आणि दोन न्यूट्रिनो, हा दहा अब्जात एखादाच होणारा क्षय २०२४ मध्ये सर्नच्या एनए६२ प्रयोगाने पाच सिग्मापलीकडे नेला. तो कोलायडर नाही, झोत स्थिर लक्ष्यावर आदळवणारा प्रयोग आहे. मग कोलायडरच कशाला?

चार्वाक: केऑनसाठी नको. पण स्थिर लक्ष्यावर इतके बी-एस कुठून आणणार?