पद्मिनी चढावर बंद पडते: दोष पेट्रोल पंपाच्या आधी की नंतर, हे कसे ठरवावे?

नमस्कार. माझ्याकडे वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचे इंजिन, सोलेक्स कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि टाकीतले पेट्रोल त्याच्याकडे ओढणारा, इंजिनाच्या कॅमशाफ्टवरून चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप. इंदूर शहरात, म्हणजे रामबागेतून राजवाडा किंवा पलासियापर्यंत, ती निमूट चालते. परंतु ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाचा चढ लागला, की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन आधी दोन-चार हिसके देते, मग ॲक्सिलरेटर दाबूनही ओढत नाही आणि शेवटी बंद पडते. दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि तीन-चार किलोमीटरांनंतर पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) दोनदा बदलला, कार्ब्युरेटर खोलून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) फुंकले, आणि प्रत्येक वेळी ‘उन्हाने लाइनमध्ये वाफ धरते’, म्हणजे नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, हेच निदान मिळाले. पंपावर ओला फडका गुंडाळण्याचा जुना उपायही करून झाला. मला हे निदान पटत नाही, कारण जानेवारीत पहाटे स्वेटर घालून निघालो असतानाही गाडीने हाच प्रकार केला होता.

मागच्या रविवारी ती बंद पडताच मी एअर क्लीनर उतरवला आणि थ्रॉटलचा दांडा हाताने ओढून पाहिला. एरवी अशा वेळी कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार उडते; या वेळी थेंबही आला नाही. म्हणजे फ्लोट चेंबरच (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठण्याची वाटी) रिकामे होते, असे मी समजतो, आणि त्यामुळे मेन जेटवरचा संशय तरी फिटतो. बंद पडण्याच्या बेतात असताना चोक अर्धा ओढला तर गाडी आणखी शंभरेक मीटर ओढते. टाकीचे झाकण सैल ठेवूनही फरक पडत नाही.

तिसऱ्यांदा पंपाला हात लावण्यापूर्वी दोष नेमका कोणत्या बाजूला आहे हे घरच्या घरी ठरवता येईल का?

प्रतिसाद

आपले निरीक्षण उपयोगी आहे. थांबल्यावर गाडी बरी होते, एवढ्यावरून वाफेचे निदान करणे घाईचे ठरते. टाकीतील जाळीवर गंज साचला असला तरी हेच घडते. चढावर पेट्रोलची ओढ वाढली की गाळ जाळीला चिकटतो, आणि इंजिन बंद होऊन ओढ थांबली की तो खाली बसतो. इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या जागेत, बॅटरीची तार सोडून, पंपाकडे येणारी नळी काढावी, टाकीचे झाकण उघडावे आणि नळीतून सायकलच्या पंपाने टाकीकडे हलकी हवा मारावी. जोर लावावा लागला तर अडथळा पंपाच्या आधी आहे. हवा सहज गेली, तर टाकीजवळची रबरी नळी वाकवून चिरा पाहाव्यात, कारण तेथून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलासाठी त्या काळचे रबर बनवलेलेच नव्हते, तेव्हा नळी तशीही बदलावी. फ्लोट चेंबरच्या तोंडाशी असलेली नीडल, म्हणजे पेट्रोल आत सोडणारी व रोखणारी सुई, अडकत नाही ना, एवढे मात्र शेवटी पाहून घ्यावे.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

आभारी आहे. आज सकाळी तसेच केले. पहिले चार-पाच दट्टे फार जड गेले, मग एकदम हात सैल झाला आणि मागे टाकीत गुडगुड ऐकू आली. नंतर टाकीतले दोन लिटर पेट्रोल काढून धोतराच्या फडक्यातून गाळले, तर फडक्यावर विटेच्या पुडीसारखा तांबडा थर राहिला. रबरी नळीलाही वळणावर तीन चिरा होत्या, ती बदलली. पंप तसाच ठेवला आहे. आता टाकी उतरवून धुवायची आहे. आतला गंज काढताना झाळलेले सांधे सुटू नयेत यासाठी काय काळजी घ्यावी, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?