‘एन्व्हलप’ला लिफाफा म्हणायचं का?

जुनी साउंड चिप मायक्रोकंट्रोलरला (एका चिपवरच्या छोट्या संगणकाला) जोडून वाजवायची कशी, यावर मराठीत टिपण लिहितोय. चिप एवाय-३-८९१०, जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची, १९७८ ची, एका वेळी तीन सूर वाजवणारी. तिला लागणारा २ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक, म्हणजे ठेका धरणारा संकेत, आर्डुइनोच (माझा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) पुरवतो. इथवर मराठी निभावली. रजिस्टर (चिपमधली आकडा लिहायची जागा), क्लॉक, पिन तसेच ठेवले, ‘स्क्वेअर वेव्ह’ला चौकोनी तरंग म्हटलं. अडलो ते ‘एन्व्हलप’पाशी. कोशात लिफाफा, पाकीट, आवरण. “तिसऱ्या सुराला लिफाफा लावा” असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. सूर उमटल्यापासून विरेपर्यंत त्याचा जोर कसा वाढतो-घटतो, ती ही रेघ. तुम्ही काय म्हणाल? अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज या चार भागांनाही शब्द हवेत.

प्रतिसाद:
लिफाफा अगदीच चूक नाही. तरंगांची टोकं जोडत रेघ काढली की सगळे तरंग तिच्यात गुंडाळल्यासारखे दिसतात, नाव त्यावरूनच पडलंय. पण ते दिसतं ऑसिलोस्कोपवर, म्हणजे तरंग पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर. कानाला कळतो तो चढउतार. तोच शब्द घ्या की! भागांसाठी गाण्याबजावण्यातले शब्द तयारच आहेत: अटॅकला आघात, सस्टेनला आस.

प्रतिसाद:
चढउतार पटला, बाकीचे दोन नाही. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकातल्या एसआयडी या साउंड चिपमध्ये अटॅक २ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत ठेवता येतो. आठ सेकंद चालणारा आघात कसला? सरळ ‘चढ’ म्हणा, आणि डिकेला ‘उतार’. ‘आस’ शब्द मला फार आवडतो, पण तार छेडून हात काढल्यावर मागे रेंगाळतो तो नाद म्हणजे आस. सस्टेन तर कळ दाबून धरलेली असतानाचा. शिवाय एक गोम आहे. बाकीचे तिन्ही भाग वेळ सांगतात, सस्टेन पातळी सांगतो. ‘टिकाव’ म्हटलं की वाचणारा लगेच विचारणार, किती वेळ? म्हणून मी ‘मुक्काम’ सुचवेन. उतरत उतरत सूर ज्या पातळीवर थांबतो ती जागा. आपल्याकडे मुक्काम म्हणजे थांबणंही आणि ठिकाणही.

प्रतिसाद:
म्हणजे लिफाफ्यावर ‘मु. पो.’ आलंच शेवटी!

प्रश्नकर्ता:
😄 चढ, उतार, मुक्काम घेतले. रिलीजला ‘सुटका’ लिहिलं होतं, पण सूर तुरुंगातून बाहेर पडल्यासारखा वाटतो.

प्रतिसाद:
‘विरणं’. उतार मुक्कामाशी थांबतो, विरणं शून्यापर्यंत जातं, त्यामुळे दोन्हींत गोंधळ होणार नाही.
पण तुमच्या चिपमध्ये हे चार भाग नाहीतच, ते टिपणात स्पष्ट करा. एवायमध्ये एन्व्हलपचा जनरेटर एकच, तिन्ही सुरांत सामाईक. रजिस्टर १३ मध्ये आकडा लिहून करवती किंवा त्रिकोणी आकार निवडायचा, बस्स. प्रत्येक सुराला वेगळा चढउतार हवा असेल तर ते काम मायक्रोकंट्रोलरचं: सेकंदाला ५० वेळा म्हणा, रजिस्टर ८, ९, १० मध्ये ० ते १५ मधला जोर लिहीत राहायचं. मी चिपच्या स्वतःच्या एन्व्हलपला नुसतं ‘आकार’ म्हणेन आणि तुमच्या कोडमधून घडतो त्याला ‘चढउतार’.

प्रश्नकर्ता:
हा फरक माझ्या लिखाणात पार पुसला गेला होता. आणि ‘नॉइज’ला गोंगाट चालेल ना?

प्रतिसाद:
गोंगाट माणसं करतात. इथे तर मराठीची चंगळ आहे! रजिस्टर ६ मध्ये १ लिहा, सळसळ येते. आकडा वाढवत न्या, खरखर होते. ३१ ला घरघर. सगळ्याला मिळून एकच शब्द हवा तर ‘खरखर’ घ्या, रेडिओमुळे तो कानात बसलेला आहे.

प्रतिसाद:
जाता जाता रजिस्टर ७ बद्दल. तिथल्या ‘इनेबल’ बिटांना ‘चालू’ म्हणू नका. तिथे उलटं आहे, बिट ० असला की सूर वाजतो आणि १ असला की बंद. ‘मौन’ म्हणा. मौन १ म्हणजे गप्प.

प्रश्नकर्ता:
अरे देवा. काल तिन्ही सूर ‘चालू’ केले आणि मग तासभर वायरी तपासत बसलो होतो.