'रॅशनल' आणि 'रीझनेबल' एकाच वाक्यात आले तर?

सुटी पाने
राजकीय तत्त्वज्ञानावरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात वाटाघाटींबद्दलचं एक वाक्य साधारण असं आहे: त्या पक्षाची बाजू भक्कम होती, त्यामुळे त्याची मागणी रॅशनल होती, पण रीझनेबल नव्हती. (अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स हा फरक करतो, त्याच वळणाचं: रॅशनल म्हणजे स्वतःचं हित नीट साधणारं, रीझनेबल म्हणजे दुसऱ्यालाही रास्त वाटेल असं.) मी लिहिलं, 'तर्कसंगत होती, पण वाजवी नव्हती'. संपादकांनी 'वाजवी' खोडून 'विवेकी' केलं आणि समासात शेरा मारला: 'वाजवी भाव असतो, मागणी नव्हे.' मला हे पटत नाहीये, पण का ते धड सांगताही येत नाहीये. मजकूर उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचाय.

तळटीप
त्यांना संविधानाची मराठी प्रत उघडायला सांगा. अनुच्छेद १९ मध्ये भाषणस्वातंत्र्यावर 'वाजवी निर्बंध' आहेत. फौजदारी खटल्यात गुन्हा 'वाजवी संशयापलीकडे' सिद्ध करावा लागतो. तिथे कुठला आलाय भाव?

शुद्धमती
सरकारी भाषांतरात आहे म्हणून शब्द चांगला ठरत नाही. 'वाजवी' आला अरबी 'वाजिब'वरून, आणि त्याचा मूळ अर्थ 'बंधनकारक', म्हणजे इथे हवा त्याच्या जवळपास उलटाच. हिंदी संविधानात त्याच जागी 'युक्तियुक्त' आहे, ते कितीतरी नेमकं. आणि आपल्याकडे 'विवेक' असताना शोधाशोध कशाला? 'विच्' म्हणजे वेगळं काढणं, निवडणं. दि. य. देशपांड्यांनी 'आजचा सुधारक' मासिकातून रॅशनॅलिझमला 'विवेकवाद' म्हटलं, ते उगाच नाही.

अर्धविराम
'युक्तियुक्त निर्बंध' वाचून मला तर वाटेल की सरकारने काहीतरी शक्कल लढवलीय. संस्कृतात युक्ती काहीही असो, मराठीत ती माळ्यावरून डबा काढायला लागते.
आणि परक्या शब्दांचं म्हणाल तर 'सत्य असत्याशी मन केलें ग्वाही' म्हणताना तुकोबांनी फारसी कचेरीतला साक्षीदार बिनदिक्कत अभंगात उभा केला.

शुद्धमती
तुकोबांना सगळं माफ. आपण तुकोबा नाही.

पुढची तारीख
वकिलीत २२ वर्षं गेली, म्हणून 'तर्कसंगत'बद्दल थोडं बोलतो. वाजवीचं तुमचं चालू द्या.
ज्युनिअर असतानाची गोष्ट. ताब्याचा दिवाणी दावा. पिंजऱ्यात एक वयस्कर गृहस्थ. त्या रात्री प्रतिवादी घरात होता हे तुम्हाला कसं कळलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तर्काने." समोरच्या वकिलांनी झडप घातली: "म्हणजे अंदाजाने?" गृहस्थ गोंधळून "हो" म्हणाले आणि तसंच नोंदलं गेलं. वास्तविक त्यांनी फाटकाला आतून कडी पाहिली होती, पायरीवर ओली पावलं आत गेलेली पाहिली होती, बाहेर येणारी नव्हती. दाराशी टेकवलेल्या छत्रीचं पाणी अजून ठिबकत होतं. याला अंदाज म्हणतात का? पण मराठीत 'तर्क' म्हटलं की ऐकणाऱ्याला अटकळच ऐकू येते. वर्तमानपत्रातले 'तर्कवितर्कांना उधाण' आठवा. त्यामुळे 'तर्कसंगत' लिहिताना जपून.

तळटीप
गंमत म्हणजे न्यायदर्शनाच्या (प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या) सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, तर्क आहे, पण तो स्वतः प्रमाण (ज्ञानाचं साधन) नाही, प्रमाणाचा मदतनीस आहे. 'असं नसतं तर काय झालं असतं' हे तपासून पाहणं. म्हणजे बोलीतला 'तर्क लढवणे' अगदीच वाट चुकलेला नाही. त्याच यादीत वाद, जल्प, वितंडाही आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची नुसती मोडायची ती वितंडा. मराठीने तिन्ही एका पोत्यात भरले आणि पोत्यावर 'वाद' लिहिलं.

पुढची तारीख
मग आमचा युक्तिवाद जल्पातच जमा. मान्य. निकालपत्रातली 'कारणमीमांसा' तेवढी वादाच्या जवळ जाते. हाही शब्द बघा. 'अपील मंजूर' एवढं लिहून न्यायाधीशाची सुटका होत नाही, का मंजूर ते लिहावं लागतं. कोर्टापुरतं रीझन म्हणजे ही कारणं. बुद्धी नव्हे, विवेक तर नव्हेच.

अर्धविराम
'विवेक' का चालत नाही त्याची सोपी चाचणी देतो. बुद्धी ही भावनांची बटीक आहे, अशा अर्थाचं तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७३९ मध्ये म्हणून गेला. तिथे रीझनसाठी 'विवेक' घालून पाहा: 'विवेक भावनांचा गुलाम आहे.' मराठी वाचक म्हणेल, मग तो विवेक कसला? आपल्याकडे भावनांना लगाम घालतो तोच विवेक. शब्दाच्या पोटातच चांगुलपणा आहे. अनुच्छेद २५ मध्ये कॉन्शन्ससाठी 'सद्सद्विवेकबुद्धी' येते ती त्यामुळेच.
रॉल्सच्या वाक्यातला पक्ष चांगला नाही, चतुर आहे. सुटी पाने, 'हिशेबी' लिहा. 'मागणी हिशेबी होती, पण वाजवी नव्हती.' लॅटिन 'रेशिओ' म्हणजेही हिशेब, गणती. रॅशनल तिथूनच आला, आणि रेशन कार्डावरचं रेशनही.

शुद्धमती
हिशेब अरबी, वाजवी अरबी. वाक्यात मराठी काय उरलं? 'होती' आणि 'नव्हती'.

अर्धविराम
आणि 'पण'. मराठी माणसाला तेवढं पुरतं.

पुढची तारीख
या वाक्यात 'हिशेबी' झकास बसतो. फक्त पुढे सगळीकडे तोच लावू नका. सर्वोच्च न्यायालयातल्या अन्वर अली सरकार खटल्यापासून (१९५२) समानतेच्या प्रकरणांत एक कसोटी आहे: कायद्याने माणसांचे गट पाडले, तर त्या गटवारीचा कायद्याच्या उद्दिष्टाशी रॅशनल संबंध हवा. तिथे 'हिशेबी संबंध' लिहिलंत तर आमचे न्यायमूर्ती चष्मा काढून बघतील.

फुकाचा वाद
एवढ्या चर्चेत कोणी साधा 'लॉजिक' शब्द काढला नाही. 'या मागणीत लॉजिक आहे, पण माणुसकी नाही.' संपलं. राजकारणात तर लॉजिकही नसतं. सभेत कारणमीमांसा ऐकायला कोण थांबतं? शेवटी बहुमत. तुकोबांची पुढची ओळ विसरलात: 'मानियेलें नाहीं बहुमता'.

तळटीप
तो बहुमत म्हणजे मतमोजणी नव्हे हो, चारचौघांचं म्हणणं. आजचा अर्थ मागे नेऊन लावू नका. सभेला तर्काचं वावडं असतं हेही मला पटत नाही. वक्ता आधी ठरवतो आणि कारणं मागाहून जुळवतो, पण जुळवावी लागतातच ना? कारण ऐकायला कोणी थांबत नसतं तर ही मखलाशी तरी कोणासाठी करतात?

शुद्धमती
मखलाशी! रॅशनलायझेशनला हा शब्द कोणाला सुचत कसा नाही? ('समर्थन' फारच सभ्य आहे.) पेशवे दफ्तरात मखलाशी म्हणजे मागण्यांच्या यादीवर लिहिलेला निर्णयाचा शेरा. त्या मखलाशीची आज सारवासारव झाली.

अर्धविराम
तोही अरबीच निघेल, बघा.

शुद्धमती
'खलास'वरून. माहीत आहे. मुरलेला शब्द वेगळा.

फुकाचा वाद
वाजवी मुरला नाही आणि मखलाशी मुरली? याचं लॉजिक काय?

शुद्धमती
ते माझ्या विवेकावर सोडा.

सुटी पाने
काल संध्याकाळीच मजकूर दिला. मी 'हिशेबी होती, पण वाजवी नव्हती' कळवलं. संपादकांनी 'हिशेबी' ठेवलं, 'वाजवी'चं 'न्याय्य' केलं. कारण विचारलं तर म्हणाले, कानाला बरं वाटतं.

पुढची तारीख
अपिलाला मुदत आहे का?

तळटीप
अवांतर: मखलाशी की मखलासी? मी दोन्ही पाहिलंय.